चिमणीवरचे जिभाऊ, कड्यावरचे जिभाऊ

श्री. उत्तम दगा बोरसे, म्हणजे आपल्या सर्वांचे जिभाऊ, यांना मी पहिल्यांदा पाहिले ते मान वर करून. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये मी नुकतीच हजेरी-कारकून म्हणून लागले होते. दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन बाहेर आले तर आमच्या मिलच्या चिमणीवर, पार वरती, एका दोराला टांगलेल्या लाकडी फळीवर एक गृहस्थ बसले होते. एका हातात रंगाचा डबा आणि दुसऱ्या हातात ब्रश. खाली आठ मजले मावतील एवढे अंतर. आणि हे गृहस्थ ओसरीवर बसल्यासारखे पाय हलवत लाल पट्टा रंगवत होते. माझा घास हातातच राहिला.

अर्ध्या तासाने ते खाली आले, नळावर हात धुतले आणि शेजारच्या ओट्यावर भाकरीचे फडके सोडून बसले. मला राहवले नाही. "काका, तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारले.

"वाटते ना. रोज वाटते," ते म्हणाले. "मागे एक दिवस सकाळी वर गेलो आणि काहीच वाटलं नाही. तसाच खाली उतरलो, सायकल काढली आणि घरी गेलो. मालक ओरडले. पण त्या दिवशी काम करणं बरोबर नव्हतं."

तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते. धुळे जिल्ह्यातून तरुणपणी ते सुरतेला आले, लिंबायतमध्ये राहिले, काही वर्षे लूमवर काढली आणि मग चिमण्या रंगवण्याच्या कामाला लागले. दोराशी मैत्री तिथे झाली. पुढे एका गिर्यारोहण शिबिराची माहिती त्यांना कुठल्याशा वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मिळाली. चाळिशी ओलांडलेला हा कामगार विशीतल्या कॉलेजच्या मुलांमध्ये जाऊन बसला आणि कडे चढण्या-उतरण्याचे रीतसर शिक्षण घेऊन आला. परत आल्यावर त्यांनी जे केले त्यासाठी आज आपण त्यांची एकसष्टी साजरी करत आहोत. सुट्टीच्या दिवशी लिंबायत, गोडादरा, पांडेसरा इथल्या कामगारांचे मंडळ जमवून त्यांना एसटीत बसवून ते सापुताऱ्याच्या पुढच्या कड्यांवर नेऊ लागले. डोंगरावर दोराने उतरणे ही पैसेवाल्यांची हौस, असे ज्या काळी आम्ही समजत होतो, त्या काळी.

मला जायचे होते. पण मी बावीस वर्षांची, लग्न न झालेली मुलगी, आणि माझे वडील जुन्या वळणाचे. लूमच्या खडखडाटात त्यांची तीस वर्षे गेलेली, त्यामुळे घरातही ते मोठ्यानेच बोलत. मी जिभाऊंना सांगितले की घरून होकार मिळणार नाही. त्यावर त्यांनी मला काही युक्ती सुचवली नाही की गुपचूप ये असेही म्हटले नाही. रविवारी सकाळी ते स्वतः आमच्या घरी आले, आणि येताना खांद्यावर दोराचे वेटोळे घेऊन आले.

वडिलांनी विषय ऐकला आणि अहिराणीत आवाज चढवला, "मनी पोर दोरले लटकी? आनि पडनी म्हणजे?"

जिभाऊंनी वाद घातला नाही. दोर वडिलांच्या पुढ्यात ठेवला. "आबा, तुमची जिंदगी सुतात गेली. हा दोर बघा आणि तुम्हीच सांगा."

वडिलांनी दोर हातात घेतला. बोटांनी चाचपला, पीळ उलगडून पाहिला, एका टोकाला आतले पांढरे तंतू आणि वरचे विणलेले कवच वेगवेगळे करून पाहिले. मग ते म्हणाले, "वीण चांगली शे." आणि थोड्या वेळाने, "मी बी येसू."

असे माझे वडील, आयुष्यात कधी सहलीला न गेलेले, माझ्यासोबत त्या एसटीत बसले.

त्या दिवशी जे घडले ते मी आजवर फार थोड्यांना सांगितले आहे. कडा दीडशे फुटांचा. कमरेला पट्टा, डोक्याला हेल्मेट, आणि आठाच्या आकाराच्या एका लोखंडी कडीतून दोर ओवून हळूहळू खाली सरकायचे. शिवाय वरून जिभाऊंचा मदतनीस आणखी एक दोर धरून असतो. पहिली दोन पावले मी डोळे मिटून मागे टाकली, पण तिसऱ्या पावलाला जे वाटले ते मी अजून शब्दांत पकडू शकलेले नाही. मिल, हजेरीचे रजिस्टर, आमची दहा बाय दहाची खोली, सगळे कुठेतरी मागे गेले आणि मी हवेत पाय रोवून उभी होते. निम्मा कडा उतरल्यावर मी हसले. हसताना मान पुढे झाली, आणि माझी वेणी दोरासोबत कडीत ओढली गेली.

मी मध्येच अडकले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. डोके कडीला खिळले होते आणि शरीराचे सगळे वजन केसांना ओढत होते. खालून ओरडा सुरू झाला. "चाकू द्या! केस कापा!" त्या ओरड्यात वडिलांचा आवाज मी ओळखला. ते फक्त माझे नाव घेत होते.

दुसरा दोर टाकून जिभाऊ माझ्या शेजारी कधी आले ते मला कळलेसुद्धा नाही. "सुनंदा, मनाकडे देख," ते अगदी हळू म्हणाले. "मी शे ना आठे." माझ्याकडे बघ, मी इथे आहे, हे त्यांनी वडिलांच्याच बोलीत सांगितले.

"केस कापा, काका."

"नाही. ताणलेल्या दोराजवळ चाकू आणायचा नसतो. आता मी तुझ्या दोरावर एक फास बांधतो. त्यात पाय ठेव आणि जिना चढल्यासारखी उभी राहा. बस, एवढंच काम आहे तुला."

मी फासात पाय ठेवून उभी राहिले. माझे वजन कडीवरून उतरले, दोर सैल झाला, आणि त्यांनी एकेक बट सोडवून माझी वेणी कडीतून बाहेर काढली. मग ती माझ्या गळ्याभोवतीच्या ओढणीसकट सदऱ्याच्या आत खोचली आणि विचारले, "वर घेऊ का खाली जाणार?"

मला आजही नवल वाटते ते या प्रश्नाचे. एवढे होऊनही त्यांनी निवड माझ्या हातात ठेवली. मी खाली म्हटले. उरलेले सत्तर-ऐंशी फूट मी स्वतः उतरले, ते माझ्या शेजारून उतरत राहिले.

खाली वडील उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मला वाटले, आज हे सगळे संपले. पण माझ्या आधी जिभाऊ पुढे झाले आणि चाळीस माणसांसमोर त्यांनी वडिलांना हात जोडले. "आबा, चूक माझी आहे. केस नीट बांधले का हे मी पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही."

वडिलांनी माझी वेणी हातात घेऊन पाहिली. मग त्यांनी विचारले, "पुढच्या टायमाले देखशात ना?"

"पाहीन."

"मग बरं," वडील म्हणाले आणि मला पाणी दिले.

तेव्हापासून आपल्या मंडळात कड्यावर जाण्याआधी जिभाऊ कापडाच्या पट्ट्या घेऊन उभे असतात आणि प्रत्येकाचे केस, ओढणी, रुमाल, शर्टाचे टोक स्वतः तपासतात. लांब केस राखणाऱ्या कॉलेजच्या मुलांनाही त्यातून सूट नसते. नवीन लोक हसतात. ही शिस्त कुठून आली हे आता त्यांना कळेल.

पुढे मंडळाचे नाव शहरभर झाले. हिऱ्याच्या कारखान्यातले कारागीर आले, एक दाताचे डॉक्टर आले, कापडबाजारातली शेठमंडळी गाड्या घेऊन आली. एकाच दोरावर आधी लूमवाला आणि मागून व्यापारी उतरताना मी पाहिला आहे. एकदा एका तरुण शेठने व्हिडिओ कॅमेरा आणला होता. "काका, एक वार हेल्मेट वगर," एकदा हेल्मेटशिवाय उतरू द्या, म्हणून तो सारखा मागे लागला. हेल्मेटमध्ये चेहरा नीट दिसत नव्हता. जिभाऊंनी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा त्याने विचारल्यावर त्यांनी शांतपणे दोर वर ओढला, गुंडाळला आणि त्या दिवसाचे उतरणे सर्वांसाठी बंद केले. आम्ही चिडलो. एवढ्या लांब आलो आणि एकामुळे सगळ्यांना शिक्षा! बसमध्ये त्यांनी एवढेच सांगितले, "त्याला नाही म्हणता म्हणता माझं डोकं गरम झालं होतं. गरम डोक्याने मी तुमच्या गाठी बांधणार नाही."

आता त्या दिवसाबद्दल, ज्याची गोष्ट पांडेसऱ्यात अजून सांगितली जाते.

भर दुपारी आमच्या शेजारच्या मिलमध्ये आरडाओरडा झाला. दुसऱ्या एका ठेकेदाराचा माणूस तिथली चिमणी रंगवत होता. बाबूराव त्याचे नाव, जालन्याकडचा. त्याच्या फळीचा एक दोर वरच्या कडेला घासून तुटला. फळी उभी झाली आणि तो एका हाताने तिला लोंबकळत राहिला. दुसरा हात उरलेल्या दोराभोवती कसाबसा गुंडाळलेला. शिडीची गाडी बोलावली होती, पण तोवर त्याचे हात टिकतील असे कोणालाच वाटत नव्हते.

जिभाऊ दोन गल्ल्या पलीकडे कामावर होते. सायकलवरून, खांद्यावर लांब दोर घेऊन आले. बॉयलर बंद करायला सांगितला. एकदा वर पाहिले, आणि मग गर्दीत पाहिले. मी तिथे होते, आणि तोवर कड्यावर इतरांसाठी दोर धरायला आणि सोडायला मी शिकले होते.

"सुनंदा, दोर तू धर."

मिलचा फोरमन मध्ये आला. "बाईमाणूस? दोघांचं वजन आहे, जिभाऊ! चार गडी देतो."

"वजन तो खांब पेलेल," जिभाऊ शेडच्या लोखंडी खांबाला कडी बांधत म्हणाले. "दोर तिला कळतो. गडी ओढतील. मला ओढणारा नको आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वर पाहायचं नाही. काही ऐकू आलं तरी नाही. दोराकडे बघ आणि फक्त माझा आवाज ऐक."

त्यांनी मला आपले चामडी हातमोजे दिले आणि चिमणीच्या लोखंडी पायऱ्या चढायला लागले. प्रत्येक पायरीवर छोटी दोरी अडकवत, सोडवत. माझ्या हातातून दोर वर जात राहिला. मग थांबला. चिमणीच्या वरच्या कडेला त्यांनी कप्पी लावली असावी, कारण दोर हलकेच ताणला गेला आणि हाक आली, "ढील!"

मी दोर सोडू लागले. वीतभर, मग आणखी वीतभर.

तर वाचकहो, त्या दुपारी सगळ्या पांडेसऱ्याने जे पाहिले ते मी पाहिलेले नाही. जिभाऊ चिमणीला पाय लावून आडवे चालत बाबूरावपर्यंत कसे गेले, त्याने घाबरून त्यांच्या गळ्याला कशी मिठी मारली, हे मला लोकांनी सांगितले. मला फक्त वरून आलेला आवाज आठवतो. "भाऊ, गळा सोड. मला श्वास घेऊ दे. कमरेला धर. हां, अस्सं." आणि त्यानंतर माझ्या हातात एकदम दुप्पट झालेले वजन. खांब कुरकुरला. गर्दीतून बायकांची किंकाळी आली. माझी मान वर जाऊ पाहत होती, मी ती जाऊ दिली नाही.

"ढील." वीतभर. "ढील." वीतभर. "थांब." मी थांबले. "ढील."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. दोर अचानक हलका झाला तेव्हा मी तो आणखी घट्ट आवळला. मग कळले, त्यांचे पाय जमिनीला लागले होते.

मी वर पाहिले तर समोर जिभाऊ होते. मानेवर बाबूरावच्या नखांचे ओरखडे. त्यांनी माझ्या हातातून दोर सोडवून घेतला, कारण माझी बोटे उघडत नव्हती, आणि म्हणाले, "चांगला धरलास." एवढेच. फोरमनने चहा आणला तो त्यांनी आधी बाबूरावला दिला.

बाबूराव पुन्हा चिमणीवर गेला नाही. आम्ही त्याला कड्यावर बोलवायचो, भीती मोडायला म्हणून. जिभाऊंनी आम्हाला गप्प केले. "ज्याला नको त्याला दोर लावायचा नाही. तो काही कमी माणूस होत नाही." त्यांनीच खटपट करून त्याला गोडादऱ्यात भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, लावून दिली. कड्यावर जाताना आमच्या शिदोरीत जी मिरची-कोथिंबीर असते ती त्याच्याच लारीवरची.

जिभाऊंच्या एकसष्टीसाठी मंडळाच्या समितीने त्यांना विचारले, काय करू या? शाल-श्रीफळाला त्यांनी हसून नकार दिला. म्हणाले, सगळे कड्यावर चला. म्हणून गेल्या महिन्यात आपण गेलो. आपल्याला ठाऊक आहे, कड्यावरून शेवटी उतरणारा माणूस सगळ्यांत जबाबदार असतो. त्याची गाठ तपासायला वर कोणी उरलेले नसते. इतकी वर्षे ती जागा जिभाऊंची होती. कधीही कोणाला त्यांनी ती दिली नाही. त्या दिवशी एकेक करून सगळे खाली गेले, वर आम्ही दोघे राहिलो. मी माझा पट्टा आवळायला घेतला, तर ते दोरापाशी आधीच जाऊन उभे होते.

"माझी गाठ बघ," ते म्हणाले.

मी पाहिली. दोनदा पाहिली. त्यांचा शर्ट नीट खोचला आहे का ते पाहिले. साठ वर्षांचे ते शरीर कड्याच्या काठावर मागे झुकले आणि सावकाश, एकही दगड न हलवता खाली उतरत गेले. पहिल्यांदाच मी त्यांना वरून पाहत होते. मग मी एकटी उरले आणि माझी गाठ मीच तपासली.

जिभाऊंचे गुडघे असेच साथ देत राहोत, त्यांच्या हाताची पकड आणि डोळ्यांची नजर अशीच शाबूत राहो, आणि शंभरीच्या कड्यावर ते पोचतील तेव्हा तिथे त्यांचे नाव घेऊन हाका मारणारे आम्ही सगळे खाली उभे असू, एवढेच मागणे. आणि आपल्या सर्वांच्या वतीने, जिभाऊ, वरची चिंता करू नका. वर मी आहे.