निवडलेले फोटो

प्रोफेसरांना शिकलेल्या बायका नको होत्या. फोटो तपासायच्या कामाला कॉलेजातल्या दोन मुली त्यांनी आधी ठेवून बघितल्या होत्या. त्या फोटोत दिसेल ते लिहीत नव्हत्या, पुस्तकात वाचलेलं लिहीत होत्या. म्हणून त्यांनी शिपायाला सांगितलं, आकडे लिहिता येतात आणि नजर चांगली आहे अशा दोन बायका बघ. शिपाई माझा भाऊ. माझी चौथी झाली होती. नवऱ्यानं टाकल्यावर मी आष्ट्याहून सांगलीला येऊन भावाच्याच घरात पडले होते. वहिनी मला सगळ्यांचं झाल्यावर वाढायची, आणि मोडकी भाकरीच वाढायची. "जावा की वन्सं," ती म्हणाली, "हितं बसून बसून अंग सुटाय लागलंय तुमचं." ही नोकरी मिळाली तर मी वेगळी खोली घेणार होते. नाही मिळाली तर वहिनीच.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल तेव्हा.

दुसरी बाई आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. दुष्काळात मेंढरं गेली, मग नवरा गेला. एक मुलगी होती, ती दिराच्या घरी शेण काढायला ठेवलेली. नोकरी टिकली की मुलीला सांगलीला आणून शाळेत घालायचं, हे तिनं मला पहिल्या तासातच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

खोलीच्या खिडक्यांना काळं कापड लावलेलं. मधे पांढरं टेबल, त्यावर वरून फोटो पडायचा. प्रोफेसर म्हणाले, "परदेशात एक मोठं गोल यंत्र आहे. त्यात दोन बाजूंनी कण सुसाट येतात आणि समोरासमोर धडकतात. कण दिसत नाहीत, पण धडकेतून जे उडतं त्याच्या वाटा या फोटोत उमटतात."

"एडकं टकरी घेत्यात तसं व्हय?" तिनं विचारलं.

"तसंच."

"मग मरतंय कोण?"

"मरत कोणी नाही. उलट नवेच जन्मतात."

"बरं हाय की त्यांचं. आमच्यात तसं कवा झालं न्हाई."

प्रोफेसर हसले. मग त्यांनी दाखवलं. बहुतेक फोटोंत रेघा मधल्या एका ठिकाणाहून फुटून बाहेर जायच्या. एखाद्या फोटोत मात्र बाजूला, जिथं काहीच नाही अशा जागी, अचानक दोन रेघा सुरू व्हायच्या. फांदीला बेचकं असतं तशा. आम्ही त्याला बेचकंच म्हणायला लागलो.

"आता हे फोटोंचं रीळ नीट निवडा," ते म्हणाले, "आणि निवडलेल्या फोटोंचे नंबर वहीत लिहा. सकाळी एकीनं, दुपारी दुसरीनं, रीळ तेच. आपापसात फोटोंबद्दल अक्षर बोलायचं नाही. मी महिनाभर मुंबईला चाललोय. आल्यावर दोन्ही वह्या ताडून बघीन आणि एकीला ठेवीन."

ती पाणी प्यायला गेली. मी प्रोफेसरांना दारात गाठलं. "सर, निवडायचं म्हंजे खडं लिवायचं का तांदूळ?"

ते आधी गोंधळले, मग मोठ्यानं हसले. "खडे! मला खडेच हवेत. बेचकी!"

ती परत आली तेव्हा मी पेन्सिलीला टोक करत बसले होते. तिला काही सांगितलं नाही. आमच्याकडं निवडणं म्हणजे खडे, कोंडा, किडकं बाजूला काढून स्वच्छ धान्य सुपात ठेवणं. ती तेच करणार हे मला ठाऊक होतं. तिनं तेच केलं. बेचकीवाले फोटो टाकून दिले आणि साध्या फोटोंचे नंबर पानांमागून पानं लिहीत गेली.

नजर मात्र तिची होती. माळावर कोसभर लांबचं लंगडं मेंढरू ओळखणारी नजर. दुपारी मी निघायची आणि ती यायची, तेव्हा जिन्यात गाठ पडायची.

"आक्का, काल एक लय बारीक बेचकं घावलं. नखाएवढं. दिलं काढून."

"कितवा नंबर?" मी सहज विचारल्यासारखं विचारायची.

ती सांगायची. तिला वाटायचं मी कौतुकानं विचारते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो नंबर माझ्या वहीत लिहायची. कधी तो फोटो लावून बघायची, कधी तेवढीही तसदी घ्यायची नाही.

प्रोफेसर आले. तिची वही उघडून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्हाला बेचकं दिसत नाही का? यात एकही नाही!"

"दिसत्यात की सर. म्हनून तर काढून टाकली. निवडलंय सगळं."

प्रोफेसर दोन्ही वह्या घेऊन आत गेले. तिनं वहीत न लिहिलेले नंबर मांडले की नेमकी बेचकीच हाती येत होती, म्हणजे तिचीही वही बरोबर ठरत होती, एवढं मलासुद्धा कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघींना समोर उभं केलं. "दोन माणसांचे डोळे इतके सारखे नसतात. एकही नंबर चुकत नाही. बोललात एकमेकींशी?"

"न्हाई," मी म्हणाले.

"व्हय सर," ती म्हणाली, "मी आक्काला रोज सांगायची."

"नियम सांगितला होता ना?"

"कामाचंच बोलत व्हतो की सर. वंगाळ काय बोललो?"

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं, असं मला आजही वाटतं. पण रीळ परत पाठवायचं होतं, सरळ लिहिलेली वही एकच होती, आणि नियम मोडल्याचं कबूल करणारी बाईही एकच होती. त्यांनी तिला काढलं.

जिन्यात तिनं मला अडवलं. "आक्का, बेचकीच लिवायची हे पयल्या दिवशी तुमास्नी म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"मग?"

"मग काय? जागा एकच व्हती."

तिनं पदर खोचला. रडली नाही. "म्या न्हाई सांगितलं तर तुमास्नी त्यातली निम्मी बी दिसायची न्हाईत," म्हणाली आणि एसटी स्टँडकडं गेली. तिच्या मुलीचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

मी महिन्याभरात वेगळी खोली घेतली. पुढचं रीळ आलं, ते मी एकटीनं केलं. डोळे फुटेस्तोवर बघितलं. मोठी बेचकी दिसली, बारीक दिसेनात.

प्रोफेसरांनी वही चाळली. "या वेळी एवढी कमी कशी?"

"या वेळी कमीच हायत सर," मी सांगितलं.

या रिळात बेचकी कमी आहेत, असं लिहून त्यांनी ते परदेशात पाठवून दिलं.