हवेतलं बोट

बिराजदार अप्पांचं बोट मी आधी पाहिलं, चेहरा नंतर. कॉम्प्युटरला जोडलेल्या टाइपरायटरवर, हुकूम पाठवायच्या शेवटच्या कळीवर ते टेकत नव्हतं. हवेत थांबलं होतं. "बघत काय उभी ऱ्हायलीस? वाच की," ते म्हणाले. सोलापुरातल्या एका गिरणीच्या कॉम्प्युटर विभागातला तो माझा पहिला दिवस होता.

त्या खोलीतला नियम अप्पांचाच. मशिनला द्यायचा हुकूम एकानं टाइप करायचा, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचा, मगच कळ दाबायची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. ओळ वाचता यायची, पण आवाज निघायचा नाही. "अगं, मशिनला कुटं कान हायत? मला ऐकू येऊ दे," अप्पा म्हणायचे. सगळे त्यांना अप्पा म्हणत, मी मात्र 'सर' म्हणायची. तेवढं अंतर मला बरं वाटायचं.

मशिनला सांगायच्या दोन तऱ्हा होत्या. 'काम अमक्या डिस्कवर कर' असं एकदा सांगून ठेवलं, की ते बदलेपर्यंत प्रत्येक हुकमाला लागू. नाहीतर हुकमाच्या शेवटी एक छोटी खूण जोडायची. ती तेवढ्या हुकमापुरतीच, पण तेवढ्यापुरतं मशिन आधीचं सांगणं बाजूला ठेवून तिचंच ऐकायचं. अप्पा तिला झेंडी म्हणत. "सांगून ठेवलेलं आपण इसरतो, आन् हे मशिन सासूवानी धरून बसतंय," असं त्यांचं म्हणणं, म्हणून पुसायच्या हुकमाला ते झेंडी जोडायचेच.

अप्पांची भीती खोटी नव्हती. 'मूळ' नावाच्या डिस्कवर बदली कामगारांची, म्हणजे कुणी गैरहजर असेल तेव्हाच काम मिळणाऱ्यांची, कित्येक वर्षांची हजेरी होती आणि तिच्यावरून ते नोकरीत कायम होणार होते. जुने हजेरीपट वाळवीनं खाल्ले होते. नरसय्या नावाचा विणकर काम मिळालं नाही की आमच्या खिडकीशी यायचा. "अप्पा, माजी हजेरी हाय न्हवं आत?"

"हाय की, लई जपून ठेवलीया." तो गेल्यावर अप्पा बराच वेळ तळवे विजारीला पुसत राहायचे.

एका सकाळी त्यांनी मूळ डिस्कवरचं एक चुकलेलं नाव दुरुस्त केलं. त्यासाठी मशिनला 'मूळ' असं सांगून ठेवलं. हजेरीची नक्कल दुसऱ्या डिस्कवर असायची, पण ती खराब झाली होती. दुपारी ती पुसून नवी काढायची होती. म्हणजे त्या घटकेला धड अशी एक मूळच. विभागाचे साहेब घाईत होते, अप्पांच्या डोक्यावरच उभे. अप्पांनी पुसण्याचा हुकूम टाइप केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाचताय काय? भजनी मंडळ आहे का हे?" साहेब म्हणाले. "दाबा."

अप्पांचं बोट खाली जायला लागलं. मी ओळ पाहिली. शेवटी नकलेच्या डिस्कची झेंडी नव्हती. सकाळचं 'मूळ' कुणी बदललेलंच नव्हतं. साहेबांसमोर मी आजवर एक शब्द बोलले नव्हते.

"अप्पा, बोट काढा!"

ओरडणारी मीच होते हे मला नंतर कळलं. बोट कळीला लागलं होतं, पण कळ दबली नव्हती. चटका बसावा तसं त्यांनी ते उचललं. मग ती ओळ रद्द करून मशिनला विचारलं, काम कुठल्या डिस्कवर करणार? टाइपरायटर खडखडला आणि कागदावर उमटलं, 'मूळ'. अप्पांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काय न्हाय साहेब. भजन ऱ्हायलं व्हतं."

संध्याकाळी नरसय्या आला. त्यानं नेहमीचं विचारलं. अप्पा खिडकीपासून बाजूला सरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आहे," मी म्हणाले. मोठ्यानं.

पुढं अप्पा निवृत्त होऊन अक्कलकोटला गेले. जाताना एवढंच म्हणाले, "भ्यायचं सोडू नगंस."

दुसऱ्या दिवशी हुकूम टाइप केला आणि माझं बोट हवेत थांबलं. खोलीत वाचायला कुणीच नव्हतं. मी उठले, साहेबांच्या दारावर टकटक केलं.

"साहेब, जरा वाचायला येता का?"

ते हातातलं काम ठेवून उठले. मग आले, चष्मा लावला आणि सगळी ओळ मोठ्यानं वाचली, झेंडीसकट.