तिरडीची पुढची जागा

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातून स्मशानात गेलेला जवळजवळ प्रत्येक माणूस माझ्या चुलत सासऱ्यांच्या उजव्या खांद्यावरून गेला आहे. मी त्यांना मामा म्हणतो. तिरडीची पुढची जागा त्यांची. बाकीचे तिघे ते उंची बघून निवडत. माप जुळलं नाही तर मयताच्या मुलालाही बाजूला काढत. आजाऱ्याला भेटायला गेले की तब्येतीआधी जिना बघत. "वळण अरुंद हाय. खुर्चीवर बसवून उतरवायला लागंल," असं एका म्हातारीला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. ती बरी झाली आणि तिने त्यांना पुन्हा कधी चहा विचारला नाही.

बालमित्र धर्माकाकांशी त्यांचं ठरलेलं होतं: मागे राहील त्याने दुसऱ्याला खांदा द्यायचा. "तू आधी जा रं. तुझ्या खांद्याचा मला भरवसा न्हाय," असं मामा त्यांना भर लग्नातसुद्धा म्हणत.

मागच्या वर्षी एका अंत्ययात्रेत, गोदामांच्या रस्त्यावर कंटेनरला वाट देताना मामा गटारापाशी घसरले आणि हातावर पडले. उजवा खांदा निखळला. गावात कबड्डीच्या पोरांचे खांदे मैदानातच ओढून बसवतात. सत्तरी ओलांडलेल्या मामांचाही तसाच ओढला, त्यांच्याच हुकमावरून. भिवंडीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलं होतं. पडताना की ओढताना, ते आता सांगता येत नव्हतं. "या वयात हाडं ठिसूळ असतात. आधी फोटो काढायचा, मग हात लावायचा," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले. हात छातीच्या वर गेला नाही. डाव्या खांद्यावरही वजन घ्यायला मनाई झाली.

तोवर धर्माकाकांनी अंथरूण धरलं होतं. मामा रोज जात.

"खांदा काय म्हनतो?" धर्माकाका विचारत.

"येतोय वर. थांब जरा."

"मग थांबतो."

ते दिवाळीपर्यंत थांबले.

त्या दिवशी मामा न विचारता तिरडीच्या पुढच्या जागी जाऊन उभे राहिले. धर्माकाकांच्या थोरल्या मुलाने बांबू स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि मामांना आपल्यापुढे घेतलं. मामांनी डावा हात वर करून बांबूचं टोक धरलं. तिरडी त्यांच्या चालीने, म्हणजे फारच हळू, निघाली. मागे ट्रकांची रांग लागली.

वळणावर त्यांनी मान न वळवता विचारलं, "वजन हाय ना माझ्यावर?"

"हाय काका," मुलगा म्हणाला. "सगलं तुमच्यावरच हाय."