हवालदारकाकांचा गुडघा

हवालदारकाका गल्लीत लंगडत चालायचे, पण समोर कुणी साहेब आला की ताठ उभे राहायचे. डावा गुडघा वाकडा, तरी टाचा जुळलेल्या, हात पँटच्या शिवणीला. बिजली विभागाचा मीटर वाचणारा आला तरी तसंच. काकू आतून ओरडायच्या, "राहा उभे! तो मेडल देऊन जाणार आहे तुम्हाला!"

गुडघा फौजेत गेला होता, डोंगरावरच्या चौकीवर घसरून. सुटून आल्यावर काका आमच्या मिलच्या गेटवर चौकीदार झाले. मिल बंद पडली तेव्हा माझे बाबा घरी बसले आणि काकाही. उरलं ते अपंगत्वाचं थोडंसं पेन्शन. टक्केवारी वाढली तर तेही वाढणार होतं, म्हणून काकांनी अपील केलं. ते मंजूर झालं नाही, फेटाळलंही गेलं नाही. 'पुन्हा तपासणी करावी' असा शेरा घेऊन परत आलं.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे गल्लीतले इंग्रजी कागद माझ्याकडे यायचे. मला त्यातलं सगळं कळायचं असं नाही. काका विचारायचे, "'नाही' असं तर म्हटलेलं नाही ना?"

"नाही, काका."

"मग ठीक. अपन तैयार हैं."

तपासणीसाठी काका महूला फौजेच्या मेडिकल बोर्डासमोर जायचे. डॉक्टर मेजर असायचे. ते विचारायचे, "कैसे हो, हवालदार?" आणि काका टाचा जुळवून सांगायचे, "एकदम ठीक, सर!" टक्केवारी तीच राहायची, अपील पुन्हा व्हायचं, पुन्हा परत यायचं. मधे आमच्याच शहरात, पलासियात, एका बँकेच्या दारावर नोकरी मिळत होती. काकांनी ती घेतली नाही. म्हणाले, "दिवसभर उभा राहिलो तर बोर्ड म्हणेल, पाय कुठे खराब आहे?"

शेवटी काकूंनी मला डॉक्टर केलं. मी खाटेवर बाबांचा चष्मा लावून बसायची.

"कैसे हो, हवालदार?"

"एकदम..."

"अहो!" काकू पोळपाटावरूनच.

"दुखतंय, सर." हे म्हणताना काका जमिनीकडे बघायचे.

त्या खेपेला बोर्डात बाई डॉक्टर होत्या. त्यांनी काकांना आधी खुर्चीवर बसवलं. काका घरी येऊन हळूच म्हणाले, "सगळं बोललो. जिना चढवत नाही, संडासला बसता येत नाही, तेही."

काकूंनी त्या दिवशी गल्लीत पोहे वाटले.

मग कागद आला. आधीच्या सगळ्या तपासण्यांत तक्रार नाही, आता आहे. मेळ बसत नाही. सबब पुन्हा तपासणी. मी दोनदा वाचला आणि मराठीत सांगितला.

"मी खोटं बोललो, असं लिहिलंय का?" काकांनी विचारलं.

तसं लिहिलेलं नव्हतं. मी 'मेळ बसत नाही' ही ओळ पुन्हा वाचून दाखवली.

पुढे मला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तर काका पुढच्या तारखेसाठी शर्टला इस्त्री करत होते. मी घाबरतच विचारलं, "आता काय सांगणार, काका?"

"तेच. दुसरं काय सांगणार?" त्यांनी कॉलर उलटवली. "पण पहिल्या वेळी बोललो असतो ना, तर ते दुखणं ठरलं असतं, बेटा. आता ते नुसतं बयान झालं."