पाच फुटाला अर्धा इंच

दुसऱ्याच्या घरी गेलं की माणूस आधी खुर्ची बघतो, मग पंखा बघतो, आणि धूर्त असला तर आत चहाला किती कप मांडले जातायत त्याचा कानोसा घेतो. बुडबुडे भिंती बघायचे. तसबीर, आरसा, कॅलेंडर, काहीही तसूभर कललेलं दिसलं की त्यांच्या मानेला रग लागे. घरातली बाई आत वळली की हे टुणकन उठणार, ती वस्तू सरळ करणार आणि काही घडलंच नाही असं तोंड करून जागेवर बसणार. एकदा कुणाकडे समाचाराला गेले आणि गेलेल्या आजोबांचा फोटो सरळ करताना सापडले. "आजोबा जन्मभर सगळ्यांशी वाकड्यात, शेवटी बुडबुड्यांनी सरळ केलं," हे गल्लीने पुढे वर्षभर पुरवून खाल्लं.

बुडबुडे हे आडनाव नव्हे, गल्लीने बहाल केलेली पदवी. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम वीतभर लांबीची लेव्हल असे. तिच्या काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. तो दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला की ह्यांचा जीव भांड्यात पडायचा. फार तर मिनिटभर. मग पुढचं चित्र.

कारण धंदाच तो. आजच्या चित्रकारांची प्रदर्शनं गावोगाव फिरतात, पण ती काही स्वतःच्या पायांनी फिरत नाहीत. लाकडी खोक्यांत बसून ट्रकमधून जातात, आणि त्यांच्याबरोबर बुडबुडे. खोकी उघडायची, हातमोजे घालून चित्रं बाहेर काढायची, भिंतीवर लावायची, दोन महिन्यांनी उतरवायची, खोकी बंद करायची, पुढचं शहर. सव्वीस वर्षं हेच. वर्षातले आठ महिने बाहेर, आणि उरलेले चार घरात असे वावरायचे की बायको म्हणायची, "अहो, टेकता का जरा कुठे? पायाला चाकं लावून आलात का?"

बायकोचं शिवणकामाचं दुकान जुन्या सुताच्या गोदामाला पाठ लावून उभ्या असलेल्या सात दुकानांच्या रांगेत होतं, गोदामाच्या दाराकडून तिसरं. दुकानावरची पाटी वाकडी होती. बारा वर्षं वाकडी. हा माणूस जगभरच्या भिंती सरळ करत फिरायचा आणि घरच्या पाटीला हात लावायची परवानगी नव्हती.

"माझं दुकान आहे, तुमचं प्रदर्शन नाही," ती सुनवायची. "आणि वाकडी आहे म्हणून तर लोकांच्या ध्यानात राहते."

घरी परतल्यावर बुडबुडे दुकानात शिरायचे ते मान खाली घालून. पाटी दिसू नये म्हणून.

तर झालं असं की ज्या प्रदर्शनाबरोबर ते फिरत होते, तेच आता त्यांच्या गल्लीत येणार होतं. पंधरा वर्षं कुलूप लागलेल्या त्या गोदामातच. नगरपालिकेने फलक लावले: कला येते, शहर जागं होतं. गल्लीला आनंदाचं भरतं आलं. बुडबुड्यांना मात्र अन्न गोड लागेना.

त्यांनी शहरं जागी होताना जवळून पाहिली होती ना. एका गावी जुन्या बर्फाच्या कारखान्यात प्रदर्शन लागलं होतं. शेजारी एक चहावाली होती, रोज सकाळी ह्यांना न मागता दुसरा कप द्यायची. दोन वर्षांनी त्याच गावी गेले तर चहावालीच्या जागी काचेचा दरवाजा, आत मंद दिवे, आणि चहाच्या भावात पूर्वी तिची किटली आली असती. दुसऱ्या गावी सायकल दुरुस्त करणारा एक बोलघेवडा होता. तो गेला, पण त्याची एक मोडकी सायकल नव्या हॉटेलवाल्याने भिंतीवर शोभेला टांगली होती. बुडबुड्यांनी ती जेवता जेवता उठून सरळ केली आणि ताट तसंच टाकून निघून आले.

खोकी आली. ह्या धंद्यात एक नियम आहे: खोकी आली की लगेच उघडायची नाहीत. पूर्ण एक दिवस खोलीत नुसती ठेवायची. बाहेरची हवा आणि आतली हवा एक झाली पाहिजे, नाहीतर चित्राचा रंग तडकतो. बुडबुड्यांना हा दिवस दरवेळी खायला उठायचा. ते खोक्यांभोवती घिरट्या घालत असताना गोदामाचे मालक आले. सातही दुकानं त्यांचीच.

"या, या, बुडबुडे! तुमचंच राज्य आता. चित्रं कशी लावणार?"

"लावतो तशी. लेव्हलमध्ये."

"अगदी लेव्हलमध्ये?"

"केसाचाही फरक नाही."

"शाब्बास!" मालकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "तसंच लावा. उद्घाटनाला पालिकेचे इंजिनिअर येणार आहेत. जमीन बघितलीत का ही? आतून दाराकडे खचत चाललीय. तुमची चित्रं एका ओळीत सरळ लागली की खालची जमीन किती गेलीय ते आंधळ्यालाही दिसेल. इमारत धोकादायक ठरली की गोदाम आणि दुकानांची रांग, दोन्ही पाडायचं. इथे सात मजली कलाभवन! तुमच्याच चित्रांची साक्ष, बघा."

बुडबुड्यांनी खिशातली लेव्हल काढून जमिनीवर ठेवली. बुडबुडा आतल्या भिंतीकडे सरकला.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती मशीनवर होती. पाय थांबला नाही, पण सुई एकाच जागी चार वेळा वरखाली झाली.

"म्हणजे तुम्ही चित्रं सरळ लावलीत की माझं दुकान जाणार."

"असं दिसतंय खरं."

"मग वाकडी लावा."

"अगं!"

"अगं काय? जमीन कलली आहे ना? मग चित्रंही जमिनीबरोबर तशीच कलती लावा. डोळ्याला सगळं सरळच दिसेल. कोण बघतंय तुमचा तो बुडबुडा?"

"मी बघतोय."

"जन्मभर त्याच्याकडेच बघितलंत," ती म्हणाली. "एकदा माझ्याकडे बघा."

दुसऱ्या दिवशी बुडबुड्यांनी खोकी उघडली आणि लांब भिंतीवर अठरा चित्रं जमिनीपासून एकाच उंचीवर, जमिनीच्या उताराबरोबर कलती लावली. खोटं कशाला बोला, छान दिसत होती. प्रदर्शनाच्या बाई, म्हणजे ज्यांनी ही चित्रं निवडून आणली होती त्या, खूश झाल्या. मग त्यांनी नेहमीचा कागद पुढे केला. चित्राला ओरखडा आहे का, चौकट धड आहे का, चित्र लेव्हलमध्ये आहे का. प्रत्येकापुढे "होय" लिहून सही करायची. बुडबुड्यांनी अठरा वेळा "होय" लिहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाकडं आलं.

त्या संध्याकाळी ते जेवताना तीनदा उठले. एकदा पाणी आणायला, एकदा पाणी ठेवायला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते त्यांनाही कळलं नाही. त्यांचे सासरे म्हणजे जुनं खोड. ह्याच गोदामात चाळीस वर्षं हमाली केलेले, आता लेकीकडे राहून सगळ्यांच्या खोड्या काढणारे.

"जावईबापू, ढेकूण खुर्चीत आहेत की मनात?"

"मामा, तुम्ही जेवा."

"मी जेवतोय. तुम्हीच फेऱ्या मारताय. उद्या सकाळी मला न्या बरं गोदामात. बघू द्या काय लावलंत ते."

सकाळी म्हातारबुवा काठी टेकत आले. चित्रांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खिशातून लेकीच्या दुकानातलं दोऱ्याचं एक रिकामं रीळ काढलं आणि जमिनीवर सोडलं. रीळ क्षणभर विचारात पडलं आणि मग घरंगळत, घरंगळत थेट दाराशी.

"चित्रांना खोटं बोलायला शिकवलंत," म्हातारा म्हणाला, "पण रिळाला कोण शिकवणार? तो इंजिनिअर काय हात हलवत येईल?"

बुडबुडे मटकन खोक्यावर बसले. अब्रूही गेली आणि दुकानही.

"आणि खचलीय म्हणून कोण गाढव म्हणतो?" म्हातारा पुढे म्हणाला. "उतार दिलाय हा. बांधणाऱ्यांनीच दिलाय. सुताच्या गाठींनी भरलेली हातगाडी आतून एका बोटाने ढकलली की दारापर्यंत आपली आपण यायची. चाळीस वर्षं ढकललीय मी. पहिल्या दिवशी होता तेवढाच उतार शेवटच्या दिवशी."

"हे तुम्ही आजवर बोलला का नाहीत?"

"रोज बोलतो. ऐकतं कोण? म्हातारा बडबडतो म्हणता."

"पण मामा, सिद्ध कसं करायचं?"

"ते तुमचं काम. मी फक्त गाडी ढकलायचो."

बुडबुड्यांनी अठराच्या अठरा चित्रं उतरवली. दोरी ताणली, लेव्हल धरली, आणि नव्याने लावली, केसाचाही फरक न ठेवता. मग फूटपट्टी घेऊन गुडघ्यावर बसले आणि प्रत्येक चित्राच्या मध्यापासून जमिनीपर्यंत मापू लागले. आतल्या टोकाचं पहिलं चित्र: अठ्ठावन्न इंच. पाच फुटांवर दुसरं: साडेअठ्ठावन्न. तिसरं: एकोणसाठ. चौथं त्यांनी दोनदा मापलं. साडेएकोणसाठ! पाच फुटाला अर्धा इंच, परत पाच फुटाला अर्धा इंच, दाराजवळच्या अठराव्या चित्रापर्यंत, साडेसहासष्ट. कुठे खळगा नाही की फुगवटा नाही.

प्रत्येक चित्राखाली जमिनीलगत त्यांनी कागदी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेन्सिलीने माप लिहिलं. तेवढ्यात बाई आल्या.

"हे काय? चित्रं का हलवली? दाराजवळच्या चित्राला तर मान वर करावी लागतेय!"

"कालची सही खोटी होती, बाई. तो कागद फाडा, नवा द्या."

"आणि ह्या पट्ट्या?"

"माप आहे. सव्वीस वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही. एवढ्या राहू द्या."

बाईंनी चित्रांकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, भिंतीला नाक लावून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण अक्षर तरी नीट काढा."

उद्घाटनाला गल्ली लोटली. धंद्याचा आणखी एक रिवाज असा की ज्याने चित्रं लावली त्याने उद्घाटनाला दिसायचं नाही. बुडबुडे खोक्यांच्या खोलीत, दाराच्या फटीला डोळा लावून. बायको बाहेर गर्दीत, हातात अजून मापाची टेप.

भाषणं झाली. एका जाड चष्म्याच्या गृहस्थांनी चित्रं सोडून पट्ट्याच वाचल्या आणि सोबत आलेल्या पत्नीला सांगितलं, "सगळ्यात दमदार काम हेच. माणसाची पातळी हळूहळू कशी घसरते ते दाखवलंय." बुडबुड्यांनी कपाळावर हात मारला.

मग इंजिनिअर साहेब पुढे आले. त्यांनी खिशातून काचेची गोटी काढली आणि खाली ठेवली. गोटी दाराकडे धावत सुटली. लोक दोन्ही बाजूंना सरले.

"बघा साहेब!" मालक ओरडले. "इमारत चाललीय. दुकानांतल्या लोकांचा जीव धोक्यात आहे हो!"

रिवाज गेला खड्ड्यात. बुडबुडे दार ढकलून बाहेर आले, अंगात कामाचेच कपडे.

"साहेब, गोटी पाहिलीत, आता पट्ट्या वाचा. ओळीने वाचा."

साहेबांनी वाचल्या. पाचव्या पट्टीपर्यंत चालत, मग झपझप, शेवटी खाली बसून स्वतःची फूटपट्टी लावून. तीन ठिकाणी ताडून पाहिलं. मग उठले आणि गुडघे झटकले.

"खचणारी जमीन इतक्या शिस्तीत खचत नाही," ते म्हणाले. "कुठे जास्त जाते, कुठे कमी. हा बांधताना दिलेला उतार आहे. कशासाठी दिला असेल?"

"माझ्यासाठी," म्हातारा मागून म्हणाला. "माझी कंबर राहावी म्हणून!"

अख्खं गोदाम हसलं. मालकही हसले, पण त्यांचं हसणं ओठांवर नीट बसेना.

इमारत धोकादायक नाही असं साहेबांनी लेखी दिलं. पालिकेने ठरवलं की आहे त्याच गोदामाची डागडुजी करायची, प्रदर्शनं तिथेच भरवायची. रांग राहिली. पण मालक काही हार मानणाऱ्यातले नव्हते. महिन्याभरात सातही दुकानांना चिठ्ठी: परिसर आता कलेचा झाला आहे, तेव्हा भाडंही त्याला शोभेल असं. कुलूप दुरुस्त करणारे गृहस्थ दोन दिवस चिठ्ठी हातात घेऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्याच दुकानाला कुलूप लावून गेले. त्यांच्या जागी काचेचा दरवाजा बसायला लागला. बुडबुड्यांच्या बायकोने भांडून, रडून, आणि मालकिणीचे सहा झगे फुकट शिवून जुन्याच भाड्याचा तीन वर्षांचा कागद पदरात पाडून घेतला. तीन वर्षं. पुढचं पुढे.

दोन महिन्यांनी प्रदर्शन उतरलं. खोकी ट्रकमध्ये चढली. पुढच्या शहरात एक बंद पडलेला छापखाना वाट बघत होता, आणि त्याच्या बाजूला, बाईंनीच सांगितलं होतं, काही जुनी दुकानं. बुडबुडे रस्त्यावर येरझारा घालत होते. खिशात लेव्हलबरोबर आता एक काचेची गोटीही होती. साहेबांनी जाताना ठेवून घ्या म्हटलं होतं.

बायको स्टूल आणि हातोडा घेऊन दुकानाबाहेर आली.

"घ्या," ती म्हणाली. "बारा वर्षं जीव टांगणीला लागलाय तुमचा. करा सरळ पाटी."

बुडबुडे स्टुलावर चढले. पाटीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा डावीकडे पार टोकाला जाऊन बसला. त्यांनी हातोडा उचलला, काचेच्या नव्या दरवाज्याकडे एकदा पाहिलं, आणि खाली उतरले.

"राहू दे. परत आल्यावर करतो."

"हे नवीनच! आता काय झालं?"

"परत येईन तेव्हा ही इथे, अशीच वाकडी दिसली पाहिजे मला. तोवर हिला हात लावायचा नाही. तूही नाही."

ट्रकने भोंगा वाजवला. बुडबुडे पळत जाऊन चढले. गल्लीच्या वळणापर्यंत ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकून मागे बघत होते, आणि बायको स्टुलावर उभी राहून ओरडत होती, "आत बसा हो! सरळ बसा!"