सपत्नीक

जाऊबाईंना कुणी नुसतं 'जेवलात का?' असं विचारलं तरी त्या मुंबईला पोचायच्या. मग तो प्रश्न पिठाच्या गिरणीत विचारलेला असो, विहिरीवर असो की कुणाच्या मयतीहून परतताना असो. "जेवली वं," त्या म्हणायच्या, "पण आता जेवण्यात काय राह्यलं? जेवण जेवली ते एकदाच, बंबईले." एवढं बोलून त्या थांबायच्या. समोरच्या बाईनं 'म्हणजे कसं?' म्हणावं म्हणून जागा सोडलेली असायची, आणि रिसोडच्या बाया अशा भोळ्या की त्या म्हणायच्याच. मी शेजारी दळणाचा डबा घेऊन उभी. मला सगळं तोंडपाठ, तरी दर वेळी अंगाचा तिळपापड व्हायचा.

आधी नातं सांगते. जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, आमच्याकडं म्हणतात तसं भासऱ्यांची, बायको. आम्ही दोघी एकाच घरात नांदलो, एकाच चुलीपुढं बसलो. माझ्यापेक्षा त्या आठ-दहा वर्षांनी मोठ्या. शिक्षण चौथी. रंग माझ्यापेक्षा सावळा, पोळ्या माझ्यापेक्षा जाड. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण मुंबई होईपर्यंत हेवा करण्यासारखं त्यांच्यात मला काही दिसलं नव्हतं. उलट मास्तराची बायको म्हणून गल्लीत माझाच मान थोडा जास्त होता.

भासरे रिसोडला पाण्याच्या इंजिनांच्या दुकानात कामाला होते. बहात्तरचा दुष्काळ पडला आणि त्यानंतर जो तो विहीर खोदायला लागला. विहीर झाली की इंजिन आलं. भासऱ्यांनी पार शेलूबाजार, मानोऱ्यापर्यंत फिरून इतकी इंजिनं खपवली की मुंबईच्या कंपनीनं त्यांना बोलावून घेतलं. तिथं सत्कार, आणि बक्षीस म्हणून समुद्राकाठच्या एका बड्या हॉटेलात रात्रीचं जेवण. निमंत्रणात लिहिलं होतं, 'सपत्नीक यावे'.

तो शब्द भासऱ्यांना कळेना. ते माझ्या यजमानांकडं आले. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. ह्यांनी चष्मा पुसला आणि ओसरीवर वर्ग भरवल्यासारखं सांगितलं, "सपत्नीक. सहबहुव्रीही समास. पत्नीसह आहे असा जो, तो." भासरे म्हणाले, "म्हंजे इले न्यावं लागते का?" हे म्हणाले, "व्याकरणानं तरी न्यावं लागते." मी आत लसूण सोलत होते. माझ्या मनात आलं, समास सोडवायचा माझ्या नवऱ्यानं, आणि सपत्नीक जायचं दुसऱ्यानं.

त्या गेल्या. एस.टी.नं अकोल्याला, तिथून आगगाडीनं. माझीच जांभळी साडी नेसून गेल्या, कारण त्यांच्याकडं धड साडी नव्हती. मागितली तेव्हा नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. चार दिवसांनी परत आल्या त्या वेगळ्याच बाई होऊन. साडीला समुद्राचा वास येतो म्हणून मी ती दोनदा धुतली. वास कसला, वास नव्हताच.

मग सुरू झाली कथा. मांडीवर पसरायला पांढरं कडक फडकं, "आपल्या इकडं नवरदेवाच्या टोपीले बी इतकं चांगलं कापड नसते." कोपऱ्यात पेटी वाजवणारा सूटवाला. मीठ-मिऱ्याच्या काचेच्या बाटल्या. आणि शेवटी ताटलीत पोळीएवढा मटणाचा अख्खा तुकडा, हाडूक नाही, रस्सा नाही. त्याला म्हणायचं इस्टेक. "अख्खा तुकडा ठिवला पुढ्यात, अन् वरतून सुरी देली. म्हणे कापा आता. मी म्हटलं, इतकं मोठं हॉटेल, अन् कापाचं आपणच? मंग तो आचारी कायले ठिवला?" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पुढचा हशा भासऱ्यांवर. वेटरनं विचारलं होतं, 'मीडियम?' मटण किती भाजायचं ते त्याला हवं होतं. भासऱ्यांनी छाती पुढं काढून सांगितलं, "मराठी मीडियम. दोघंबी."

ह्या इस्टेकनं एकदा घोटाळाही केला. 'बंबईले इस्टेक भेटला' हे वाक्य तोंडातोंडी फिरत मानोऱ्याला पोचेपर्यंत त्याचं 'इस्टेट भेटली' झालं. एक दिवस सासूबाईंच्या माहेरचे एक लांबचे मामा पिशवी घेऊन दारात हजर. "बंबईत इस्टेट भेटली म्हणते तुमाले. आमच्या पोराले तिथं एखांदी खोली द्या, मेहनती हाये." जाऊबाईंनी मामांना बसवलं, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "मामाजी, होती इस्टेट, पण आमी तिथंच खाऊन आलो." मामा गोंधळून चहा पिऊन गेले. गल्लीनं ते वाक्य वर्षभर पुरवलं. मला ते सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी माझ्याकडं खाऊन यायला काही नव्हतं.

चवीचं विचारलं तर मात्र खोटं बोलत नसत. "चव म्हणशीन तं आपला पाटोडीचा रस्सा बरा. तिथं तिखटच नाई. तोंडाले कळेच ना का जेवून राह्यलो म्हणून." हे ऐकलं की मला जरा बरं वाटायचं. मी मनात म्हणायची, एवढं जाऊन शेवटी अळणीच खाल्लं ना?

पण एका दुपारी आम्ही दोघी शेवया वळत बसलो होतो. सासूबाई झोपलेल्या, पोरं बाहेर. जाऊबाईंनी आवाज खाली आणला आणि गिरणीत, विहिरीवर कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. "तुले एक सांगतो. तिथं वाढणाऱ्यानं अगोदर मले वाढलं. बाईले अगोदर वाढाची रीतच हाये म्हणे. अन् हे समोर बसले, हात मांडीवर ठिवून. त्याईच्या बी पुढं ताटली आली, तरी हात नाई लावला. म्या पयला घास घेतला, मंग त्याईनं सुरी उचलली. माह्यासाठी थांबले वं." एवढं बोलून त्या पुन्हा शेवया वळायला लागल्या.

माझ्या हातातली शेवई तुटली. आमच्या घरात पुरुष आधी जेवायचे, मग पोरं, मग सासूबाई. आम्ही दोघी सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी, पातेल्यात उरलेल्या रश्श्यात भाकरी चुरून. नवरा जेवताना कसा दिसतो हे मला पाठीमागूनच माहीत होतं, वाढताना. त्या दिवसापर्यंत मी मटणावर जळत होते, फडक्यावर, पेटीवाल्यावर, समुद्रावर. ते सगळं त्या दुपारी फिकं पडलं. एका माणसानं भूक लागलेली असताना, समोर ताटली असताना, बायकोनं घास घ्यावा म्हणून हात आवरला होता. तो माणूस माझा नव्हता.

मी हट्टाला पेटले. ह्यांच्या मागं लागले, मला एकदा हॉटेलात न्या. "घरी काय जेवण भेटत नाई का?" हे म्हणायचे. शेवटी एकदा पेपर तपासायच्या निमित्तानं अकोल्याला जाणं होतं, तेव्हा मला सोबत नेलं. स्टँडजवळच्या हॉटेलात शिरलो. पण दारातच ह्यांचे दोन सोबती मास्तर भेटले. मालक म्हणाला, "लेडीजसाठी फॅमिली रूम आहे." फॅमिली रूम म्हणजे लाकडी फळ्यांचा खण आणि त्याला मळका हिरवा पडदा. ह्यांनी मला पडद्यामागं बसवलं आणि स्वतः बाहेर मास्तरांच्यात बसले. पोऱ्यानं माझ्यापुढं भजी आणून आदळली. पलीकडून ह्यांचा आवाज येत होता, शाळा-तपासणीच्या गप्पा आणि मधूनमधून कांद्यावर मारलेली बुक्की. मी एकटी भजी खाल्ली. घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारलं, "कसं झालं वं जेवण?" मी म्हटलं, "फॅमिली रूममधी बसलो होतो." त्या म्हणाल्या, "वाऽ." मी त्यांना वाटायचं ते वाटू दिलं.

त्यांचंही पुढं काही फार चाललं नाही, हे सांगायला मला आवडतं. मुंबईहून आल्यावर एकदा त्यांनी धीर केला. भासऱ्यांच्या ताटासमोर आपलंही ताट मांडलं, भाजी वाढली, पाटावर बसल्या. सासूबाईंनी नुसतं पाहिलं. भासरे कानापर्यंत लाल झाले, आपलं ताट उचललं आणि ओसरीवर जाऊन जेवले. जाऊबाई ताटापुढं तशाच बसून राहिल्या. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी ताट मांडलं नाही. मात्र 'जेवलात का'चं उत्तर बदललं नाही.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या, मग भासरे गेले. इंजिनाच्या धुरानं छाती खराब झाली असं डॉक्टर म्हणाले. मग जाऊबाईंनी अंथरूण धरलं. पोरगं पुण्याला, सून नोकरीवाली, म्हणून त्यांचं करणं माझ्याकडं आलं. मी केलं, आणि मनापासून केलं. माणूस एकाच वेळी जळू शकतं आणि मायाही करू शकतं, हे ज्याला खोटं वाटतं त्यानं एका चुलीपुढं दोन सुना पाहिलेल्या नाहीत.

मी त्यांना मऊ भात भरवत होते तेव्हाची गोष्ट. चमच्याकडं पाहून त्या एकदम हसायला लागल्या, आणि हसता हसता खोकायला. मी पाठ चोळली. त्या म्हणाल्या, "तुले एक खरं सांगू का? तू लय जळली माह्यावर."

मी म्हटलं, "कायले जळू बाई?"

"जळली तू. मले दिसत होतं. म्हणून सांगतो. आता जाचं हाये, तुह्या पोटातलं ते काढून जातो." त्यांनी दम घेतला. "ते थांबले होते, ते काई माह्यासाठी नाई. त्याईले सुरी-काटा धरताच येत नव्हता. मी कशी धरतो ते पाहून राह्यले होते. नकल मारून राह्यले होते, परीक्षेतल्यावाणी."

मी चमचा खाली ठेवला. "अन् तुमाले कसा येत होता?"

"मले बी कुठी येत होता? बाजूच्या टेबलावर एक गोरीपान बाई बसली होती. मी तिच्याकडं पाहून राह्यली होती, अन् हे माह्याकडं. झालं?" त्या माझ्याकडं बघत होत्या. एवढ्या वर्षांचं माझं दुखणं आता उतरणार, अशा खात्रीनं.

उतरलं नाही. मी विचारलं, "तुमी तं तिकडं पाहत होत्या. मंग ते तुमच्याकडं पाहून राह्यले, हे तुमाले कसं समजलं?"

जाऊबाई लाजल्या. त्या वयात, त्या अंथरुणावर, पदर तोंडाला लावून लाजल्या. "समजते वं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं आपलं माणूस पाहून राह्यलं का, मान न फिरवता बी समजते. अंगाले समजते. तुले नाई समजत?"

मी भाताचा चमचा भरला. "समजते ना," मी म्हटलं, आणि घास त्यांच्या तोंडाशी नेला.

त्या गेल्या. माणूस गेलं की त्याच्याबद्दलचा हेवा जातो म्हणतात. मी वाट पाहिली.

आता घरात मी आणि आमचे हे दोघंच. मुलानं जेवायचं टेबल आणून दिलंय. पंगती नाहीत, पडदे नाहीत, वाढणारं-बसणारं वेगळं नाही. दोन वेळा आम्ही समोरासमोर जेवतो. हे वाढल्या वाढल्या सुरू करतात, गरम आहे तोवर. मी कधी कधी मुद्दाम हात आवरून बसते, मान खाली घालते, ताटातल्या मिठाकडं बघते आणि अंगाला काही समजतं का याची वाट पाहते. बराच वेळ पाहते. मग भाजी गार होते, म्हणून जेवते.