उन्हात ठेवलेले पिंजरे

कल्याणच्या शाळेतून बाहेर पडल्यावर वडिलांनी कचेरीतल्या ओळखीने मला एका गोऱ्या साहेबाकडे चिकटवलं. ठाण्याच्या आसपासच्या रानात कोणते बारीकसारीक प्राणी राहतात, हे तो पिंजरे लावून शोधत असे. मी त्याचा दुभाष्या. पिंजरे लावायला कोलशेतचे एक किरिस्ताव शेतकरी होते. वयाने वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना काका म्हणे.

चैत्रात पिंजऱ्यांचा पत्रा तव्यासारखा तापे. संध्याकाळी लावलेला पिंजरा ऊन चढायच्या आत उचलला नाही, तर आतला जीव भाजून निघायचा. म्हणून काका पिंजरे करवंदीच्या जाळीत सरकवत, वर गवत पसरत, आत काकडीची फोड ठेवत. पहाटेच आम्ही ते सावलीत आणायचो. साहेब प्राणी बघून, मापून सोडून देई. मला तो भला माणूस वाटे.

एका रविवारी त्याच्याकडे मुंबईचे पाहुणे आले. त्यांना प्राणी जागच्या जागी दाखवायचे, म्हणून पिंजरे कोणी जागचे हलवायचे नाहीत, वरचं गवतही काढायचं, असा हुकूम झाला. पाहुणे बंगल्यावर न्याहारीत रमले. ऊन तापलं. पिंजऱ्यांतली खडखड हळूहळू थांबू लागली. मी धावत जाऊन साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, थांब.

परत आलो तर काका पिंजरे उघडत होते. मीही उघडू लागलो. काही उंदीर पळाले, काही दाराशीच आडवे झाले. एका चिचुंद्रीच्या तोंडात काकांनी बोटाने पाणी सोडलं. ती त्यांच्या तळहातावरच गेली.

तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन आला. कोणाला विचारून उघडले, असं त्याने दरडावलं.

“साहेब, ते मरत होते,” काका म्हणाले.

“मेले तर कातडी भरून ठेवता येतात. पळालेल्यांचं मी काय करू?” मला हे काकांना मराठीत सांगावं लागलं.

दोघांचीही नोकरी गेली. साहेबाने सगळीकडे सांगून ठेवल्यामुळे काकांना मिठागरावरही कोणी उभं करेना. उंदरांपायी साहेब तोडला म्हणून वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढे साहेबाची बदली झाली. निरोपाच्या सभेत एका वकिलाने सांगितलं, साहेबांची मुक्या जिवांवर फार माया. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत वडील होते, तेही वाजवत होते.